काचा धुण्याचे शुद्ध पाणी आणि आरओचा वेग

ब्रिटनमध्ये खिडक्यांच्या काचा धुण्याचा व्यवसाय करणारे अनेक जण आता शिडीला हात लावत नाहीत. एकात एक सरकणारा लांब, हलका दांडा, त्याच्या टोकाला ब्रश आणि ब्रशातून वाहणारे शुद्ध पाणी एवढ्यावर त्यांचे काम भागते. जमिनीवर उभे राहून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची काच घासायची, त्याच पाण्याने धुवायची आणि न पुसता वाळू द्यायची. २००५ साली तिथे उंचीवरच्या कामासंबंधीचे नियम लागू झाले. जे काम खालून होऊ शकते त्यासाठी वर चढू नये, हा त्या नियमांचा पहिला आग्रह असल्याने दांड्याच्या पद्धतीला चांगलेच बळ मिळाले.

काच न पुसता वाळवायची, तर पाण्यात विरघळलेले काही असता कामा नये. नळाचे पाणी काचेवर वाळते तेव्हा पाणी उडून जाते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार पांढरट ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. विरघळलेल्या पदार्थांचे हे एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. ते पीपीएममध्ये, म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमागे किती मिलिग्रॅम, असे मोजतात. काचेसाठी ते दहाच्या खाली, शक्यतो शून्य असावे लागते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये बरेचसे पाणी खडूच्या खडकांतून येते आणि त्याचा टीडीएस ३०० च्या आसपास असतो. ग्लासगोला मात्र १८५९ पासून लॉख कॅट्रिन या डोंगरी तलावाचे पाणी मिळते, आणि ते क्षारांच्या दृष्टीने जवळपास पावसाच्या पाण्याइतकेच हलके आहे. तिथल्या व्यावसायिकाला क्षार शोषणाऱ्या रेझिनची एक नळकांडी पुरते. लंडनमध्ये नुसत्या रेझिनवर धंदा करायचा म्हटले तर रेझिन विकत घेण्यातच कमाई संपेल. म्हणून तिथे आधी आरओ, म्हणजे उलट परासरणाचे यंत्र, आणि मागून रेझिन अशी जोडी लावतात. आरओने ३०० चे ६ केले, तर रेझिनवरचा भार पन्नासपटीने कमी होतो.

आरओची एकच मोठी तक्रार आहे: ते फार हळू चालते.

हा संथपणा त्याच्या रचनेतूनच येतो. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूला शुद्ध आणि दुसऱ्या बाजूला क्षारयुक्त पाणी ठेवले, तर पाणी आपोआप शुद्धाकडून क्षारयुक्ताकडे जाते; हेच परासरण. झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच अभ्यासकाने १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाचे पातळ कातडे वापरून परासरण दाखवले होते. क्षारयुक्त बाजूवर पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटतो. ही उलटी वाट व्यवहारात आणायला दोनशे वर्षे गेली, कारण क्षार अडवणारे पटल पाण्यालाही जवळजवळ अडवूनच धरत असे. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस केंद्रात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनवले, की क्षार अडवणारा थर अतिशय पातळ आणि त्याच्या खालचा आधार सच्छिद्र. म्हणजे या तंत्रातला पहिला मोठा शोध वेगाचाच होता. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या पटलांवर पिण्याच्या पाण्याचे केंद्र सुरू झाले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा थर असलेले संयुक्त पटल तयार केले. आजच्या घरगुती आणि व्यावसायिक मेम्ब्रेनमध्ये बहुधा हेच असते. क्षार अडवणारा त्याचा थर एका मायक्रॉनच्या काही दशांशाएवढाच जाड असतो आणि पाणी त्यातून रेणूरेणूने वाट काढते.

मेम्ब्रेनमधून किती पाणी येईल हे ठरवणाऱ्या बाबी मोजक्या आहेत. पटलाचे क्षेत्रफळ, त्यावरचा निव्वळ दाब, पाण्याचे तापमान आणि पटलाची स्वच्छता. निव्वळ दाब म्हणजे नळाच्या किंवा पंपाच्या दाबातून क्षारांचा परासरण दाब आणि शुद्ध पाण्याच्या बाजूचा उलटा दाब वजा केल्यावर उरणारा दाब. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो, म्हणून तिथे प्रचंड पंप लागतात. ३०० पीपीएमच्या नळाच्या पाण्याचा तो जेमतेम पाव बार भरतो. काचा धुणाऱ्याची अडचण क्षारांपेक्षा नळाच्या अशक्त दाबाची आणि थंडीची असते.

यंत्रावर छापलेला आकडा इथे बहुतेकांना फसवतो. मेम्ब्रेनची क्षमता दिवसाला किती अमेरिकन गॅलन, म्हणजे जीपीडीत सांगतात. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. ३०० जीपीडीचे यंत्र दिवसाला ११३५ लिटर, म्हणजे तासाला ४७ लिटर पाणी देईल असे वाटते. पण हा आकडा २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर आणि विशिष्ट दाबावर, छोट्या घरगुती मेम्ब्रेनच्या बाबतीत साधारण साडेतीन ते चार बारवर, घेतलेल्या चाचणीचा असतो. इंग्लंडमध्ये जानेवारीत नळाला सात अंशांचे पाणी येते आणि यंत्रापर्यंत पोचेस्तोवर दाब तीन बार उरतो, असे धरू. सात अंशांना प्रवाह जवळपास निम्मा होतो. दाबाच्या कमतरतेमुळे त्यातला आणखी पाव हिस्सा जातो. हाती उरतात तासाला सतरा-अठरा लिटर. दिवसाला ४०० लिटर वापरणाऱ्याची टाकी भरायला बावीस-तेवीस तास लागतात. यंत्र बिघडले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणाऱ्याचे यंत्र बहुधा ठणठणीत असते.

सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे दाब वाढवणे. वरच्याच उदाहरणात बूस्टर पंप लावून तीनचे सहा बार केले, तर निव्वळ दाब दुपटीहून थोडा अधिक होतो. तासाला सुमारे ३७ लिटर मिळतात आणि ४०० लिटर अकरा तासांत, म्हणजे एका रात्रीत, तयार होतात. शंभर वॅटचा पंप तेवढा वेळ चालला तर विजेचे जेमतेम १.१ युनिट जळते. शिवाय दाब वाढला की पाण्याची शुद्धताही सुधारते. पटलातून पाणी दाबाच्या प्रमाणात वाढते, क्षारांची गळती मात्र दाबावर फारशी अवलंबून नसते. तेवढेच क्षार जास्त पाण्यात विभागले जातात. वेग आणि शुद्धता एकाच उपायाने वाढण्याची ही दुर्मीळ सोय आहे. मर्यादा एवढीच, की मेम्ब्रेन ज्या नळकांड्यात बसते ते आणि त्याला जोडणाऱ्या बारीक नळ्या यांवर लिहिलेला कमाल दाब ओलांडू नये.

पंप घेण्यापूर्वी दाब मात्र नीट मोजला पाहिजे. नळ बंद असताना दाबमापकावर दिसणारा आकडा निरुपयोगी असतो. पाणी वाहत असताना आणि मेम्ब्रेनच्या तोंडाशी किती दाब उरतो, हे पाहायचे. बागेच्या लांबलचक पाइपात, त्याच्या झटपट जोडण्यांच्या अरुंद भोकांत आणि गाळाने भरलेल्या फिल्टरमध्ये एक-दीड बार सहज खर्ची पडतो. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोन दाबमापक लावले, तर त्यांतला फरक वाढत जातो आणि फिल्टर कधी बदलायचा ते सांगतो. पुष्कळदा आखूड, जाड पाइप आणि नवा गाळफिल्टर एवढ्यावरच काम भागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पंप लावण्याला कायद्याचीही एक बाजू आहे. १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांनुसार, मिनिटाला १२ लिटरपेक्षा जास्त पाणी खेचणारा पंप मुख्य वाहिनीला जोडायचा असेल, तर आधी पाणीपुरवठा कंपनीला कळवून तिची संमती घ्यावी लागते. छोट्या यंत्रांचा पंप या मर्यादेच्या बराच खाली राहतो. मोठ्या मेम्ब्रेनच्या संचाला मात्र आधी नळाचे पाणी एका उघड्या टाकीत घेऊन, तिथून पंपाने उचलणे हाच सरळ मार्ग. नळाचा प्रवाह अशक्त असला तरी या मधल्या टाकीमुळे पंप कोरडा पडत नाही.

शुद्ध पाण्याच्या बाजूचा उलटा दाब अनेकांच्या लक्षातच येत नाही. साठ्याची टाकी दहा मीटर उंचावर असेल, तर तिथवर पाणी चढवण्यात एक बार जातो. टाकी माळ्यावर तीन मीटर वर असली तरी ०.३ बारचे नुकसान ठरलेले. नळाचा दाबच तीन बार असताना हा दहावा हिस्सा झाला. आरओच्या लगेच पुढे लावलेली घट्ट भरलेली रेझिनची नळकांडीही पाण्याला अडथळा करते. त्यामुळे आरओचे पाणी आधी जमिनीवरच्या टाकीत सोडायचे आणि तिथून गाडीच्या टाकीत भरताना, वेगळ्या पंपाने, रेझिनमधून न्यायचे ही रचना अधिक शहाणपणाची. साठवणीत पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडाफार ओढून घेते, तोही या शेवटच्या टप्प्यात निघून जातो.

थंडीचा प्रश्न दाबापेक्षा अवघड आहे. तापमान उतरले की पाणी घट्ट होते. त्याची श्यानता २५ अंशांपेक्षा ५ अंशांना सुमारे ७० टक्क्यांनी अधिक असते. पटलाच्या आतली वाटही थंडीत आक्रसते. व्यवहारात दर अंशामागे प्रवाह सुमारे तीन टक्क्यांनी बदलतो, असा ठोकताळा धरतात. सातचे पंधरा अंश करता आले तर पाणी सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते. पण ही ऊब फुकट मिळत नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जात असतील, तर ४०० लिटरसाठी १६०० लिटर पाणी तापवावे लागेल आणि आठ अंशांच्या वाढीला जवळपास १५ युनिट वीज लागेल. पंपाने याहून कितीतरी अधिक वेग एका युनिटात मिळतो, तेव्हा निव्वळ वेगासाठी पाणी तापवणे म्हणजे पैसा गटारात सोडणे. मधल्या टाकीत पाणी दिवसभर ठेवून गॅरेजच्या तापमानाला येऊ देणे, पाइपांना उबदार वेष्टण घालणे, एवढे करण्यासारखे आहे. गरम पाण्याच्या नळाला यंत्र जोडण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. साध्या मेम्ब्रेनची सहनशक्ती ४५ अंशांपाशी संपते. उलट टोकाला, गॅरेजमध्ये मेम्ब्रेन गोठले तर तेही कायमचे निकामी होऊ शकते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला घरच्या आरओबाबत ही थंडीची अडचण सहसा जाणवत नाही, कारण आपल्याकडच्या नळाचे पाणी वर्षातला बराच काळ चाचणीच्या २५ अंशांच्या आसपास असते. इथे अडते ते क्षारांवर. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी हलके असते, तर पठारावरच्या बोअरवेलचा टीडीएस अनेक ठिकाणी पाचशेच्या, हजाराच्या वर जातो. सौर पॅनेल बोअरच्या पाण्याने धुतल्यावर त्यांवर पडणारे पांढरे डाग हे लंडनच्या काचेवरच्या डागांचेच भाऊबंद आहेत.

दाब आणि तापमान यांचे गणित जमल्यावर क्षेत्रफळाकडे वळावे. छोटी मेम्ब्रेन समांतर जोडत गेल्यास पाणी त्या प्रमाणात वाढते. अट एवढीच, की नळ तेवढ्या सगळ्यांना पुरेल इतके पाणी त्याच दाबाने देऊ शकला पाहिजे. तसे न झाल्यास तीनांची सहा मेम्ब्रेन करूनही पाणी दीडपटसुद्धा होत नाही. मोठी उडी म्हणजे ४०४० आकाराचे मेम्ब्रेन. चार इंच व्यासाचे, चाळीस इंच लांबीचे हे मेम्ब्रेन काचा धुणाऱ्यांत लोकप्रिय आहे. गुंडाळून ठेवलेले त्याचे पटल उलगडले तर सात-आठ चौरस मीटर भरते.

४०४० निवडतानाही छापील आकड्याखालची बारीक ओळ वाचावी लागते. काही मेम्ब्रेनची चाचणी सुमारे ७ बारवर झालेली असते, तर काहींची १५.५ बारवर. दोन्हींवर दिवसाला २५०० गॅलनच्या आसपासचा आकडा असू शकतो. आता दोन्ही एकाच तीन बारच्या, सात अंशांच्या नळाला जोडली, तर कमी दाबाचे मेम्ब्रेन तासाला सुमारे ८५ ते ९० लिटर देईल आणि जास्त दाबाचे ४० लिटरच्या आसपास घुटमळेल. आकार तोच, छापील क्षमता तीच, वेग मात्र निम्मा. पंप लावायचा नसेल तर कमी दाबाचेच मेम्ब्रेन घेणे भाग आहे. त्याची क्षार अडवण्याची ताकद किंचित कमी असते, पण मागे रेझिन असल्याने ते चालून जाते.

वाया जाणाऱ्या पाण्याच्या तोटीशी केलेला खेळ हा या व्यवसायातला सर्वात मोहक आणि सर्वात महागडा उपाय. ती तोटी आवळली की आतला दाब चढतो, शुद्ध पाणी वाढते, वाया जाणारे कमी होते आणि मीटरवरचे बिलही उतरते. पण क्षार कुठे जाणार? निम्मे पाणी शुद्ध म्हणून काढून घेतले, तर उरलेल्यात क्षार दुप्पट होतात. तीन चतुर्थांश काढले तर चौपट. खडूच्या प्रदेशातल्या जड पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मग विरघळलेल्या अवस्थेत राहूच शकत नाही आणि मेम्ब्रेनच्या शेवटच्या टोकापासून पटलावर चुना चढू लागतो. चहाच्या किटलीत बसणारा थर तो हाच. निर्माते एका ४०४० मेम्ब्रेनची चाचणी सुमारे १५ टक्केच शुद्ध पाणी काढून घेतात. व्यवसायात ते सर्रास ५० टक्क्यांवर चालवले जाते, हे ध्यानात घेतले की त्यावर आणखी तोटी आवळणे किती धोक्याचे आहे ते कळते. सुरुवातीला वाढलेला वेग काही महिन्यांत मूळच्या खाली जातो.

पाणी वाया घालवायचे नसेल आणि वेगही हवा असेल, तर आरओच्या आधी पाणी मृदू करणारे यंत्र लावावे. ते कॅल्शियमच्या जागी सोडियम आणून ठेवते. टीडीएस त्याने कमी होत नाही, तरी सोडियमचे क्षार सहज विरघळलेले राहत असल्याने पटलावर थर चढत नाही आणि तोटी थोडी आवळता येते. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्या मेम्ब्रेनचे टाकाऊ पाणी दुसऱ्या मेम्ब्रेनला देणे. पाणी तेवढेच, दोनदा पिळून घेतलेले. पण मृदूकरण नसेल तर इथेही चुन्याचा धोका आहेच. रोज काम संपल्यावर टाकाऊ पाण्याची तोटी काही मिनिटे पूर्ण उघडून पटल धुऊन काढण्याची सवय यावर बऱ्यापैकी उतारा ठरते. चुना बसलाच असेल तर निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात सायट्रिक आम्लाचे द्रावण फिरवून तो बराचसा उतरवता येतो.

क्लोरीनचे प्रकरण याच्या अगदी उलट. पॉलिअमाइडचा थर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हळूहळू कुरतडला जातो, म्हणून आधी कोळशाचा फिल्टर असतो. वेग वाढवण्याच्या नादात मोठे मेम्ब्रेन बसवले आणि कोळशाचा फिल्टर मात्र जुनाच छोटा ठेवला, तर पाणी त्यातून इतक्या घाईने निघून जाते की क्लोरीन पुरता अडवला जात नाही. मग काही काळाने शुद्ध पाण्याचा प्रवाह आपोआप वाढतो आणि त्याबरोबर टीडीएसही चढतो. यंत्र अचानक जोमाने चालू लागले म्हणून खूश होणाऱ्याने टीडीएस मीटर जरूर लावून पाहावा. मेम्ब्रेन फाटल्यासारखे झाल्याची ती खूण असते. वेग वाढवताना गाळफिल्टर आणि कोळसाफिल्टर त्याच प्रमाणात वाढवणे म्हणूनच आवश्यक आहे.

यंत्र थांबून पुन्हा सुरू झाले की पहिले काही लिटर पाणी वाईट येते. दाब नसताना क्षार पटलातून हळूहळू शुद्ध बाजूला झिरपून बसलेले असतात. दिवसातून दहा वेळा थोडे थोडे चालवल्यास हे खराब पाणी दहा वेळा रेझिनच्या माथी बसते आणि रेझिन लवकर संपते. एकदाच सुरू करून सलग आठ-दहा तास चालवणे आणि सुरुवातीचे पाणी सोडून देणे हाच चांगला क्रम.

सलग चालवायचे तर साठवायला जागा हवी. खिडक्या धुणारा माणूस पाणी दिवसा वापरतो, आणि यंत्र रात्री, शनिवार-रविवारी, पावसाच्या सुट्टीतही चालू शकते. तासाला ३७ लिटर देणारे यंत्र शनिवार-रविवारच्या ४८ तासांत १७०० लिटरहून अधिक पाणी करते, म्हणजे चार दिवसांचे काम; फक्त ते ठेवायला टाकी पाहिजे. ब्रिटनमधले लोक रसायनांच्या वाहतुकीसाठी वापरली जाणारी, पिंजऱ्यात बसवलेली १००० लिटरची प्लास्टिकची टाकी जुन्या बाजारात घेतात. तिच्यात पूर्वी काय होते हे विचारून, आतून स्वच्छ करून आणि शेवाळ धरू नये म्हणून काळ्या कापडाने झाकून ती वापरावी. भरल्यावर ती एक टनाची होते, तेव्हा खालची जमीन पक्की हवी. रोज ४०० लिटर लागणाऱ्या एकट्या माणसाला ३०० जीपीडीचे यंत्र, एक बूस्टर पंप आणि अशी एक टाकी एवढे पुरते. ४०४० चा संच दोन-तीन गाड्या चालवणाऱ्याने घ्यावा.